काकांशेजारी मामा नकोत: अटी घातलेली पंगत कशी मोजायची

आजचा भाग लोकलमध्ये उभ्याने ऐकलात तरी चालेल. फक्त मधे मधे आकडे येणार आहेत, तिथे पॉज दाबायची तयारी ठेवा. कागद-पेन असेल तर उत्तम, नसेल तर मोबाइलचा कॅल्क्युलेटर पुरे.

विषय तुमच्या ओळखीचा आहे. ‘आठ जणांना एका रांगेत किती प्रकारे बसवता येईल, जर अमुक आणि तमुक शेजारी नको असतील?’ हा प्रश्न अकरावीत भेटतो, प्रवेश परीक्षेत भेटतो, आणि आता सुटलो असं वाटेपर्यंत कॅम्पस प्लेसमेंटच्या अ‍ॅप्टिट्यूड टेस्टमध्ये परत दारात उभा असतो. बहुतेकांकडे यासाठी तीन युक्त्या पाठ असतात. एकत्र हवेत तर बांधा, वेगळे हवेत तर फटीत बसवा, आणि काही सुचलं नाही तर एकूणातून वजा करा. युक्त्या वाईट नाहीत हो. पण कुठली कधी वापरायची हे त्या स्वतः सांगत नाहीत. ते प्रश्नातलं वाक्य सांगतं, आणि आपण वाक्य सोडून थेट युक्तीवर उडी मारतो.

तर आपण एक पंगत मांडू. जुन्या पद्धतीची, सरळ रांगेतली. आठ पानं, आठ माणसं, चार जोड्या: आजोबा-आजी, काका-काकू, मामा-मामी, दादा-वहिनी. पूर्ण एपिसोडभर हेच आठ जण आहेत, त्यामुळे नावं लक्षात ठेवायचा त्रास नाही.

अट काहीच नसेल तर? पहिल्या पानावर आठांपैकी कुणीही, दुसऱ्यावर उरलेल्या सातांपैकी कुणीही, मग सहा, पाच... ८ × ७ × ६ × ५ × ४ × ३ × २ × १. म्हणजे ४०,३२०. यालाच आठ फॅक्टोरियल म्हणतात. आठ माणसं आणि चाळीस हजारांवर पंगती!

हा गुणाकार परदेशातून आलेला नाही, बरं का. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, म्हणजे सन ११५० च्या ग्रंथात, शेवटी शेवटी ‘अंकपाश’ नावाचं प्रकरण आहे. त्यात विचारलंय की शंकराच्या दहा हातांत पाश, अंकुश, डमरू, त्रिशूळ, धनुष्य, बाण अशी दहा आयुधं आहेत, ती हातांत अदलाबदल करून धरली तर मूर्ती किती प्रकारच्या होतील? आणि विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, कमळ, तर किती? उत्तरं ३६,२८,८०० आणि २४. त्याच प्रकरणात ‘दोन, दोन, एक, एक’ या अंकांनी किती संख्या बनतील असाही प्रश्न आहे. उत्तर २४ नाही, ६, कारण दोन सारख्या अंकांची अदलाबदल केली तरी संख्या तीच राहते. काय वेगळं मानायचं आणि काय नाही, हे तिथेच आलं. चाळीसगावजवळच्या पाटणला एक शिलालेख आहे. त्यात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याचा उल्लेख आहे. कधी त्या बाजूला गेलात तर बघून या.

आता अटी घालू.

पहिली अट. आजोबांचे गुडघे दुखतात, त्यांना मधेच उठता येत नाही, म्हणून ते टोकालाच बसणार. रांगेच्या या टोकाला किंवा त्या टोकाला. इथे काही जण सवयीने पहिल्या पानापासून भरायला घेतात: पहिल्यावर कोण? आजोबा असतील किंवा नसतील. असतील तर असं, नसतील तर शेवटचं पान राखून ठेवा. झाडाला फांद्या फुटत जातात. त्यापेक्षा आधी आजोबांनाच बसवा ना! दोन पर्याय. उरलेले सात जण कसेही, ७ फॅक्टोरियल म्हणजे ५,०४०. एकूण १०,०८०. संपलं.

आजींना आजोबांच्या शेजारीच बसायचंय असं म्हटलं तर? आजोबांना दोन पर्याय, आजींना मग एकच जागा, बाकी सहा जण ७२० प्रकारे. १,४४०. ज्याच्यावर बंधन जास्त त्याला आधी बसवायचं, ज्याला कुठेही चालतं त्याला शेवटी. लग्नघरात ही गोष्ट प्रत्येक यजमानाला कळते. गणिताच्या पेपरात मात्र आपण खुर्ची नंबर एकपासून सुरू करतो.

दुसरी अट. काका आणि मामा शेजारी नकोत. का, ते विचारू नका. निवडणुकीचा विषय निघतो. दोन रस्ते आहेत. एक, उलट बाजू मोजा. काका-मामांना एकत्र बांधा, म्हणजे आठाच्या जागी सात वस्तू झाल्या, त्यांच्या ५,०४० मांडण्या. गाठोड्याच्या आत काका डावीकडे की मामा डावीकडे, म्हणून गुणिले दोन: १०,०८०. ४०,३२० मधून हे वजा करा, उरले ३०,२४०. दुसरा रस्ता, आधी बाकीच्या सहा जणांना बसवा, ७२० प्रकारे. त्यांच्या मधल्या आणि टोकाच्या मिळून सात फटी होतात. काकांना सातांपैकी एक, मामांना उरलेल्या सहांपैकी एक. ७२० × ७ × ६ = ३०,२४०. दोन्ही रस्ते एकाच गावाला पोचले. परीक्षेत वेळ असेल तर दोन्हीकडून जाऊन बघा. वेगळी उत्तरं आली तर निदान कळेल तरी.

आता मला ज्या प्रश्नासाठी हा एपिसोड करावासा वाटला, तो सांगतो.

माझी मावसबहीण बारावीत आहे. मध्यंतरी तिने व्हॉट्सअ‍ॅपवर पेपराचा फोटो पाठवला. “दादा, हे बघ ना, सगळं बरोबर केलंय तरी उत्तर येत नाहीये.” प्रश्न असा: पाच मुलगे, तीन मुली, एका रांगेत बसवायचे, कोणत्याही दोन मुली शेजारी नकोत. तिने काय केलं? एकूण ४०,३२०. तिन्ही मुली एकत्र बांधल्या, सहा वस्तू झाल्या, ७२० गुणिले आतल्या ६ मांडण्या, म्हणजे ४,३२०. वजाबाकी केली, ३६,०००. उत्तरपत्रिकेत १४,४००. आणि तिच्या क्लासच्या सरांनी लाल पेनाने दोन शब्द लिहिले होते: सिली मिस्टेक. तिने त्यानंतर पूर्ण धडाच ऑप्शनला टाकायचं ठरवलं होतं. “माझं हे कधीच जमत नाही रे, आणि का चुकलं तेपण कळत नाही.”

हे ‘सिली’ नाहीये. अजिबात नाहीये. तिची वजाबाकी बरोबर आहे, तिचं गाठोडं बरोबर आहे. तिने एका वेगळ्याच प्रश्नाचं अचूक उत्तर काढलंय.

आपल्या पंगतीत आणून बघा. घरातलं कुणी म्हणालं, “काका, मामा आणि दादा, या तिघांना एकत्र बसवू नका.” या वाक्याचे दोन अर्थ होतात. एक अर्थ, तिघांचं टोळकं नको. त्यातले दोघं शेजारी आले तर चालवून घेऊ. दुसरा अर्थ, या तिघांतले कुठलेही दोघं शेजारी नकोत. घरात आपल्याला बोलणाऱ्याच्या आवाजावरून कळतं काय म्हणायचंय ते. कागदावर आवाज नसतो. तिथे ‘कोणतेही दोन’ एवढे दोन शब्द असतात, आणि सगळा फरक त्या दोन शब्दांत असतो.

मी तिला सूत्र सांगितलं नाही. म्हटलं, सगळ्या ४०,३२० पंगती तीन ढिगांत वाट. पहिला ढीग, तिघं एकत्र: ४,३२०. दुसरा ढीग, तिघं पूर्ण सुटे. त्यासाठी उरलेले पाच जण बसव, १२० प्रकारे, सहा फटी होतात, तिघांना ६ × ५ × ४, म्हणजे १२० प्रकारे टाक. १२० × १२० = १४,४००. तिसरा ढीग, दोघं शेजारी आणि तिसरा लांब. गाठोड्यात कोण दोघं आणि डावीकडे कोण, याचे ६ प्रकार. मग पाच जण १२० प्रकारे, गाठोड्याला सहांपैकी एक फट, सुट्याला उरलेल्या पाचांपैकी एक. ६ × १२० × ६ × ५ = २१,६००. आता बेरीज कर. ४,३२० अधिक १४,४०० अधिक २१,६००. बरोबर ४०,३२०.

तिचं ३६,००० म्हणजे दुसरा आणि तिसरा ढीग मिळून. ‘कोणतेही दोघं शेजारी नकोत’ याची उलट बाजू ‘तिघं एकत्र’ ही नव्हे, तर ‘निदान दोघं तरी शेजारी’ ही आहे. त्यात पहिला आणि तिसरा, दोन्ही ढीग येतात. तिचा पाच मिनिटांनी रिप्लाय आला, “म्हणजे मी तिसरा ढीग फेकायचाच राहिला होता.” बस. माझ्या मते कुठल्याही शिक्षकाने ‘सिली मिस्टेक’ लिहिण्याआधी एवढा एक प्रश्न स्वतःला विचारावा: या पोरीने कुठल्या प्रश्नाचं उत्तर लिहिलंय?

बरं, आता जरा मजा. नवीन अट: चारही जोडप्यांपैकी एकही नवरा-बायको शेजारी बसू नयेत. काही घरांत मुद्दाम असं करतात, म्हणजे माणसं जरा दुसऱ्यांशी बोलतात.

सवयीने वजाबाकी करू. आजोबा-आजी शेजारी असलेल्या मांडण्या १०,०८०. काका-काकू तेवढ्याच. मामा-मामी, दादा-वहिनी, तेवढ्याच. चार गुणिले १०,०८० म्हणजे ४०,३२०. आणि एकूण किती होत्या? ४०,३२०. उरले शून्य!

म्हणजे अशी पंगत शक्यच नाही? पण आहे की. आजोबा, काका, मामा, दादा, आजी, काकू, मामी, वहिनी या क्रमाने बसवा. एकही जोडी शेजारी नाही. मग हिशोब कुठे सांडला?

जास्तीचं वजा झालं. ज्या पंगतीत आजोबा-आजीपण शेजारी आहेत आणि काका-काकूपण, ती पंगत आपण दोनदा फेकली. एकदाच फेकायची होती, म्हणून एकदा परत घ्यायला हवी. दोन जोड्या निवडायचे ६ प्रकार, दोन्ही जोड्या बांधल्या की सहा वस्तू, ७२०, आणि आतल्या अदलाबदलीचे ४. ६ × ७२० × ४ = १७,२८०, हे परत मिळवा. पण तीन जोड्या शेजारी असलेली पंगत तीनदा फेकली, तीनदा परत घेतली, म्हणजे ती अजून आतच बसलीये. तिला काढा: ४ × १२० × ८ = ३,८४०. आणि चारही जोड्या शेजारी असतील त्या परत मिळवा: २४ × १६ = ३८४. आता १७,२८० वजा ३,८४० अधिक ३८४. उत्तर १३,८२४.

हे काढा-घाला-काढा-घाला म्हणजेच इन्क्लुजन-एक्सक्लुजन. पुस्तकात ते चिन्हांनी भरलेलं असतं म्हणून भीती वाटते. कुठली पंगत किती वेळा फेकली गेली याचा नुसता जमाखर्च आहे तो. विश्वास बसत नसेल तर छोटं करून बघा. दोनच जोडपी, चार माणसं. २४ वजा २४ अधिक ८, उत्तर ८. आता हाताने: पहिल्या पानावर चारांपैकी कुणीही. दुसऱ्यावर त्याचा जोडीदार नको, म्हणून दुसऱ्या जोडप्यातलं कुणीतरी, दोन पर्याय. तिसऱ्यावर दुसऱ्याचा जोडीदार नको, म्हणून पहिल्याचाच जोडीदार, एक पर्याय. शेवटी उरलेला. ४ × २ × १ × १ = ८. जमलं.

पण ते शून्य मला काही सोडेना. २४ वजा २४ पण शून्य, ४०,३२० वजा ४०,३२० पण शून्य. योगायोग? नाही. चार जोडपी असतील तर प्रत्येक जोडपं शेजारी येण्याच्या मांडण्या एकूणाच्या बरोबर पाव. दहा जोडपी असतील तर एक दशांश. पन्नास असतील तर पन्नासावा भाग. जोडप्यांच्या संख्येने गुणलं की दर वेळी पूर्ण एकच. म्हणजे कितीही जोडपी एका रांगेत डोळे मिटून बसवा, सरासरी बरोबर एक जोडपं शेजारी येतं. चार असोत नाहीतर चारशे!

आणि एकही जोडपं शेजारी न येण्याचं प्रमाण? चार जोडप्यांना १३,८२४ भागिले ४०,३२०, म्हणजे ३४.३ टक्के. पाच जोडप्यांना १२,६३,३६० मांडण्या, ३४.८ टक्के. वाढत वाढत ते ३६.८ टक्क्यांकडे सरकतं, म्हणजे १ भागिले ई, तोच २.७१८ वाला ई. मला वाटलं होतं माणसं वाढली की अट पाळणं अवघड होत जाईल. होत नाही.

आता माझ्या धंद्याकडे येतो. समजा तुम्हाला अ‍ॅप लिहायचंय जे लग्नातली बैठक लावून देईल. दहा जोडपी, वीस माणसं. पहिला विचार येतो की सगळ्या मांडण्या तपासू. वीस फॅक्टोरियल म्हणजे सुमारे २.४३ गुणिले दहाचा अठरावा घात. सेकंदाला १०० कोटी मांडण्या तपासल्या तरी ७७ वर्षं लागतील. नवरा-नवरीची पंचाहत्तरी होऊन जाईल. पण वर काढलेलं प्रमाण काय सांगतं? यादी नुसती शफल करा, अट पाळली गेली का बघा, नाही तर परत शफल. सरासरी तीनेक खेपांत काम होतं. चार ओळींचा प्रोग्राम.

मग दर वेळी शफलच करायचं का? इथे १८९१ सालचा एक फ्रेंच प्रश्न उपयोगी पडतो. एदुआर ल्युका नावाचा गणिती, टॉवर ऑफ हनोईचं कोडं काढणारा तोच. त्याने विचारलं: गोल टेबल, जोडपी बसवायचीत, बाई-पुरुष-बाई-पुरुष असं आलटून पालटून, आणि कुणीही आपल्या जोडीदाराच्या शेजारी नको. किती प्रकारे? याचं नेटकं सूत्र मिळायला १९३४ साल उजाडलं. ते तूशार याने दिलं, आणि त्याची सोपी सिद्धता १९४३ मध्ये कॅप्लान्स्कीने. पुढे १९८६ मध्ये बोगार्ट आणि डॉइल यांनी म्हटलं की प्रश्न एवढा अवघड वाटायचं कारण गणित नव्हतंच. सगळे जण शिष्टाचार म्हणून आधी बायकांना बसवून घेत होते! तसं न करता आधी फक्त जोडप्यांच्या जागा मोजल्या, कोण कुठला ते नंतर, की तीच काढा-घाला लागू पडते.

गोल टेबलाबद्दल एक सावधगिरी. पुस्तकात टेबल फिरवलं तरी बैठक तीच मानतात, म्हणून आठ जणांच्या ४०,३२० नव्हे, ५,०४० मांडण्या. पण एक खुर्ची एसीखाली असेल तर ती बाकीच्यांसारखी राहिली का? खुर्च्यांना नंबर असतील तर परत ४०,३२०. प्रश्न काय म्हणतोय ते बघा. आपल्या चार जोडप्यांच्या एकही-जोडी-नको या हिशोबात, फिरवलेलं सारखं मानलं तर, पहिल्या वजाबाकीनंतर चक्क उणे ७२० येतात, आणि शेवटी उत्तर १,४८८. करून बघा.

ल्युकाच्या प्रश्नात मी खुर्च्यांना नंबर आहेत असं धरतोय. चार जोडप्यांना फक्त ९६ बैठका चालतात. ४०,३२० मध्ये ९६, म्हणजे ४२० मध्ये एक. शफल अजूनही चालेल. पण दहा जोडप्यांना? साधारण ७ लाख ६० हजार बैठकांत एक. इथे नुसतं शफल करणारा माणूस चहा पिऊन परत येईल. मग काय करायचं? आजोबांचं आठवा, बंधन आधी. बायका एक सोडून एक खुर्च्यांवर बसवून टाका आणि शफल फक्त पुरुषांचं करा. दहा पुरुषांच्या ३६,२८,८०० मांडण्यांपैकी ४,३९,७९२ चालतात, म्हणजे १२ टक्के. आठ-नऊ खेपांत बैठक तयार. गंमत बघा, हाताने मोजताना ज्या सवयीने लोकांना अडवलं, बायका आधी, तीच इथे प्रोग्राम वाचवते.

तुमच्यासाठी एक ठेवतो. तीन जोडपी, सरळ रांग, एकही जोडी शेजारी नको, उत्तर २४० यायला हवं. ते आलं की त्यात अजून एक अट घाला: आजोबा टोकाला. तुमचं उत्तर व्हॉइस नोटने पाठवा, आणि कुठली पंगत किती वेळा फेकली तेही बोला. चला, भेटू पुढच्या भागात.